छोटी लिंक, मोठी नोंदवही

(उत्सवातील व्याख्यानमालेत सायंआरतीनंतर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी मला बोलायला सांगितले तेव्हा त्यांच्या मनात 'रेल्वे आणि सुरक्षा' हा विषय होता. तो मी वर्षभर ड्यूटीवर करतोच, म्हणून त्यांना विनंती करून विषय बदलून घेतला. त्याला कारण आहे. यंदाच्या बैठकीत आपल्या तरुण मंडळींनी दोन सूचना मांडल्या आहेत. पहिली, वर्गणीच्या पावतीवर आणि स्मरणिकेवर एक छोटी लिंक व क्यूआर कोड छापावा, म्हणजे लोक मोबाईलवरच कार्यक्रमपत्रिका पाहतील आणि वर्गणीही देतील. दुसरी, सर्व सभासद कुटुंबांची नावे, पत्ते व फोन नंबर यांची यादी इंटरनेटवर ठेवून तिची छोटी लिंक व्हॉट्सॲप गटात टाकावी. दोन्ही सूचना चांगल्या मनाने आलेल्या आहेत. पण त्यांवर हात वर करण्याआधी छोटी लिंक म्हणजे काय, ती दाबल्यावर मधे काय घडते, हे सर्वांना ठाऊक असावे, एवढ्यासाठी मी उभा आहे.

मी संगणकाचा पदवीधर नाही. डिप्लोमा करून सिग्नल खात्यात लागलो, आणि रिले रूम व सांधे यांतच निम्मे आयुष्य गेले. पण छोटी लिंक कशी चालते हे समजून घेतले तेव्हा मला त्यात काहीच नवीन वाटले नाही. ते आमच्याच खात्याचे काम निघाले.

आपल्या स्टेशनचेच पाहा. पूर्ण नाव 'वीरांगना लक्ष्मीबाई झाशी जंक्शन'. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस लक्ष्मीबाईंचे नाव स्टेशनला दिले गेले. तिकिटावर एवढे लांब नाव कोण छापणार? म्हणून कोड असतो. पूर्वी 'जेएचएस' होता, आता 'व्हीजीएलजे' आहे. कोड वाचला की यादीत पाहायचे आणि पूर्ण नाव काढायचे. छोटी लिंक हीच युक्ती आहे. एखाद्या पानाचा पत्ता दोनशे अक्षरांचा असतो. त्याला पाच-सहा अक्षरांचा कोड देतात, आणि कोणत्या कोडचा कोणता पत्ता याची यादी एका कंपनीच्या संगणकावर राहते. फरक इतकाच, की स्टेशनच्या कोडची यादी कोणालाही पाहता येते, तिथे पाहणाऱ्याची नोंद होत नाही. छोट्या लिंकची यादी मात्र कंपनीच्या कपाटात असते, आणि दर वेळी कपाट उघडायला आपल्याला तिच्या दारात जावे लागते.

सुरुवात अगदी साध्या गरजेतून झाली. २००२ साली अमेरिकेत केव्हिन गिल्बर्टसन यांनी 'टायनीयूआरएल' काढले. गृहस्थ एकचाकी सायकलचे शौकीन. त्यांच्या मंडळातले लोक एकमेकांना ईमेल पाठवत, त्यात लांबलचक पत्ते मधेच तुटत आणि दाबले तरी उघडत नसत. त्यावर हा उपाय. पुढे एसएमएस आला, तो इंग्रजीत १६० अक्षरांचा आणि आपल्या देवनागरीत तर ७० चाच. मग ट्विटर आले, सुरुवातीला १४० अक्षरांचे. जागा कमी म्हणून छोट्या लिंकचा धंदा वाढला. २००८ मध्ये 'बिट.ली' आले, २००९ च्या डिसेंबरात गुगलने 'गू.जीएल' आणले. बिट.ली मधले 'ली' हे लिबिया देशाचे अक्षरचिन्ह आहे, जसे आपले 'इन'. नाव शोभते म्हणून घेतले, पण त्यावर हुकूम लिबियाचा. २०१० साली अशाच शेपटीचा 'व्हीबी.ली' नावाचा दुसरा एक छोट्या लिंकचा पत्ता तिथल्या नोंदणी कार्यालयाने बंद करून टाकला, आणि त्यावर विसंबलेले लोक बघत राहिले. आपण ज्या रुळावर गाडी चालवतो ते रूळ कोणाच्या मालकीचे, हे रेल्वेवाल्याच्या मनात आधी येते. बाकीच्यांच्या मनात ते रूळ उखडल्यावर येते.

आता मधे काय घडते ते सांगतो. तुम्ही छोटी लिंक दाबता. तुमचा मोबाईल थेट मुक्कामाच्या पानाकडे जात नाही. तो आधी त्या कंपनीच्या संगणकाकडे जातो आणि विचारतो, या कोडचे काय? तो संगणक उत्तर देतो, '३०१' किंवा '३०२' असा एक आकडा आणि सोबत खरा पत्ता. ३०१ म्हणजे पत्ता कायमचा बदलला, ३०२ म्हणजे तात्पुरता. मग मोबाईल त्या खऱ्या पत्त्यावर जातो. सगळे मिळून डोळ्याची पापणी लवेपर्यंत होते, म्हणून आपल्याला मधले स्टेशन दिसत नाही. गाडी न थांबता गेली तरी स्टेशन होतेच, आणि तिथे सांधाही होता. यात एक मौज आहे. ३०१ सांगितले तर मोबाईल पत्ता लक्षात ठेवू शकतो आणि पुढच्या वेळी विचारायला येत नाही. म्हणून ज्याला प्रत्येक फेरी मोजायची असते, त्याला ३०२ सोयीचे पडते.

आणि फेरी मोजली जाते. आमच्या रिले रूममध्ये डेटालॉगर नावाचे यंत्र असते. २ जून २०२३ च्या बहानगा बाजारच्या भीषण अपघातानंतर हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघरी गेला. कोणते बटण दाबले, कोणता सांधा फिरला, कोणता सिग्नल कधी पडला, हे सर्व ते तारीख-वेळेसह टिपून ठेवते. दर १६ मिलिसेकंदांनी ते सगळीकडे नजर टाकते. स्टेशन मास्तरच्या आठवणीवर कोणी अवलंबून राहत नाही. छोट्या लिंकच्या मधल्या स्टेशनावर असाच डेटालॉगर बसवलेला असतो. कोणत्या दिवशी, किती वाजता लिंक दाबली. कोणत्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे कोणत्या कंपनीच्या नेटवर्कमधून आणि अंदाजे कोणत्या शहरातून. मोबाईल की संगणक, अँड्रॉइड की आयफोन. भाषा कोणती लावली आहे. आणि पुष्कळदा आपण कोणत्या पानावरून इथे आलो, इतके कळते. कुकी ठेवली असेल तर तोच मोबाईल पुन्हा आला हेही कळते. ज्याने लिंक बनवली त्याला या सगळ्याचा तक्ता मिळतो. 'ग्रॅबिफाय'सारख्या काही सेवा तर याच कामासाठी आहेत. तिथे लिंक छोटी करणे हे निमित्त, दाबणाऱ्याचा आयपी पत्ता टिपणे हा खरा हेतू.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण व्हॉट्सॲपवर घाबरवणारे पुष्कळ आहेत. नुसती लिंक दाबल्याने साधारणपणे बँकेतले पैसे जात नाहीत. नाव आणि फोन नंबरही त्यातून आपोआप कळत नाही. शहराचा अंदाजसुद्धा चुकतो. मोबाईलच्या नेटवर्कवर झाशीत बसलेला माणूस कधी लखनौचा, कधी दिल्लीचा दिसतो. मग इतके बोलायचे कारण काय?

कारण असे. आमच्या कॉलनीत एक निवृत्त गार्ड आहेत. मी त्यांना काकाच म्हणतो. पुढचे त्यांच्या परवानगीने सांगतो आहे. नोव्हेंबर महिना होता. पेन्शनरांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे इथे बसलेल्या निम्म्या लोकांना सांगायला नको. काकांच्या मोबाईलवर एका साध्या दहा आकडी नंबरावरून निरोप आला. दाखला भरला नाही तर पेन्शन थांबेल, येथे भरा. खाली छोटी लिंक. काकांनी ती दाबली, एक पान उघडले, वर काहीतरी सरकारी दिसणारे चिन्ह होते. चष्मा जवळ नव्हता, म्हणून त्यांनी काहीही न भरता ते बंद केले. आतापर्यंत काहीच बिघडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. शुद्ध हिंदी, अदबशीर आवाज. 'बाबूजी, कल शाम आपने जीवन प्रमाण का पेज खोला था, पर पूरा नहीं भरा. कुछ दिक्कत आई क्या?' या एका वाक्याने काका फसले. ते मला म्हणाले, 'अरे, मी पान उघडले हे घरात हिलासुद्धा ठाऊक नव्हते. ज्याला ते ठाऊक, तो ऑफिसचाच माणूस असणार.' पुढचे तुम्ही ओळखले असेल. त्याने सांगितले तसे काका करत गेले, ओटीपी सांगितला, आणि अडीच महिन्यांच्या पेन्शनइतकी रक्कम खात्यातून गेली. मुलाने त्याच दुपारी १९३० ला फोन केला म्हणून काही भाग पुढच्या खात्यात अडवता आला. बाकीचे गेले. काकू अजून त्या विषयावर त्यांच्याशी धड बोलत नाहीत, आणि काकांना पैशापेक्षा तेच जास्त लागले आहे.

आता त्या माणसाला कसे कळले? त्याच्या संगणकाच्या आत मी शिरलेलो नाही, पण रीत सोपी आहे. हजार नंबरांना एकच लिंक पाठवली तर किती जणांनी दाबली एवढेच कळते. पण हजार नंबरांना हजार वेगवेगळे कोड पाठवले, आणि कोणता कोड कोणत्या नंबराला पाठवला याची वही जवळ ठेवली, तर कोड दाबला गेला की नंबर समोर येतो. त्या क्षणी आयपी पत्त्याची गरजच उरत नाही. हजारांपैकी चाळीसांनी दाबले, म्हणजे घाबरणारे, पेन्शनची काळजी असणारे चाळीस सापडले. उरलेल्या नऊशे साठांना फोन करण्याचे कष्ट वाचले. बँका आणि दुकानदारही आपल्या जाहिरातींसाठी हीच रीत वापरतात, त्यात बेकायदा असे काही नाही. ठगाने तीच उचलली. मला वाटते लोकांना सांगायची मुख्य गोष्ट ही आहे. 'ओटीपी सांगू नका' हे सगळे सांगतात. पण तुम्ही लिंक दाबली हे फोनवरच्या माणसाला ठाऊक असणे, हा तो सरकारी असल्याचा पुरावा मुळीच नाही. उलट, तो लिंकचा मालक असल्याचा तो पुरावा आहे.

या माहितीला किंमत किती, याचे उदाहरण आमच्याच घरातले देतो. ऑगस्ट २०२२ मध्ये आयआरसीटीसीने एक निविदा काढली होती. प्रवाशांच्या माहितीतून उत्पन्न कसे मिळवावे यासाठी सल्लागार नेमायचा होता. नाव, वय, मोबाईल नंबर, प्रवासाचा वर्ग, अशा माहितीचा अभ्यास त्यात होता आणि हजार कोटी रुपयांच्या उत्पन्नाचा आकडा चर्चेत होता. लोकांनी हरकत घेतली, विषय संसदेच्या स्थायी समितीपुढे गेला, आणि त्याच महिन्यात निविदा मागे घेतली गेली. रेल्वेला निदान समितीपुढे उभे राहावे लागले. फुकट लिंक बनवून देणाऱ्याला कोणापुढे उभे राहावे लागते? आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. चांगले आहे. पण कायदा गाडी घसरल्यावर येणाऱ्या ब्रेकडाऊन गाडीसारखा आहे, तो येईपर्यंत काही वेळ जातो.

ट्रायने एक काम मात्र चांगले केले. १ ऑक्टोबर २०२४ पासून, कंपन्यांच्या एसएमएसमध्ये आधी नोंदवलेली नसलेली लिंक असेल तर तो एसएमएस पुढे जाऊच द्यायचा नाही, असा नियम झाला. २०२५ पासून अशा एसएमएसच्या पाठवणाऱ्याच्या नावापुढे एक अक्षरही दिसते. 'पी' म्हणजे जाहिरात, 'एस' म्हणजे सेवा, 'टी' म्हणजे व्यवहार, 'जी' म्हणजे सरकार. पण ही गाळणी कंपन्यांच्या एसएमएससाठी आहे. साध्या दहा आकडी नंबरावरून येणारा निरोप किंवा व्हॉट्सॲप त्या गाळणीतून जात नाही. काकांना आलेला निरोप तसाच होता. पेन्शनचे किंवा सरकारी काम आणि साधा दहा आकडी नंबर ही जोडी दिसली, की लाल सिग्नल समजावा.

आता आपल्या समितीच्या दोन सूचनांकडे येतो.

आधी सभासदांच्या यादीची. छोटा कोड कोणाला सांगितलाच नाही तर कोणाला कळणार, असे बैठकीत कोणीतरी म्हणाले. थोडे गणित करू. इंग्रजी मोठी अक्षरे २६, छोटी २६, आकडे १०, मिळून ६२. पाच अक्षरांचे कोड होतात साधारण ९१ कोटी ६० लाख. सहा अक्षरांचे सुमारे ५,६८० कोटी. माणसाला हे आकडे अफाट, यंत्राला नाहीत. २०१६ मध्ये कॉर्नेल टेकचे मार्टिन जॉर्जिएव्ह आणि व्हिताली श्मातिकोव्ह या दोघांनी हेच करून दाखवले. त्यांनी यंत्राकडून कोड आपोआप बनवून एकामागून एक तपासले, आणि लोकांनी खासगी समजून वनड्राइव्हवर ठेवलेल्या फायली उघड्या सापडल्या. काही फोल्डरांत तर वाटेल त्याला लिहितासुद्धा येत होते. गुगल नकाशाच्या छोट्या लिंकांतून कोणाच्या घरापासून कोणत्या दवाखान्यापर्यंत जायचे, असे रस्ते सापडले. त्यांनी आधी कंपन्यांना कळवले होते. गुगलने नकाशाचे कोड अकरा-बारा अक्षरांचे केले, मायक्रोसॉफ्टने वनड्राइव्हमधली छोटी लिंक बनवण्याची सोयच काढून टाकली. तेव्हा आपल्या यादीला 'लिंक असलेल्या कोणालाही दिसेल' अशी परवानगी देऊन वर सहा अक्षरांचा कोड लावणे, म्हणजे दाराला कुलूप न लावता किल्ली लपवण्यासारखे होईल. आपल्या यादीत एकट्या राहणाऱ्या आजी आहेत, मुले पुण्याला-बंगळुरूला असलेले वृद्ध जोडपे आहे. घरपत्त्यासकट. ही सूचना आपण स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यादी पूर्वीसारखी छापील वहीत चिटणीसांकडे राहावी. संगणकावर ठेवायचीच असेल तर तीन-चार पदाधिकाऱ्यांच्या नावानेच ती उघडेल अशी ठेवावी.

दुसरी सूचना छापील क्यूआर कोडची. क्यूआर दोन प्रकारचे असतात. एकात खरा पत्ता त्या काळ्या चौकटींतच असतो. दुसऱ्यात फक्त छोटी लिंक असते, त्याला 'डायनॅमिक' म्हणतात. दुसऱ्याची गंमत अशी, की छापून झाल्यावरही सांधा फिरवता येतो. आज कार्यक्रमपत्रिकेकडे, उद्या दुसरीकडे. फिरवणारा आपला माणूस असेल तोवर ठीक. इथल्याच दुसऱ्या एका संस्थेने गेल्या काही वर्षांत असा फुकट कोड निमंत्रणावर छापला होता. चाचणीची मुदत संपली आणि पुढे लोकांना कार्यक्रमाऐवजी पैसे भरा असे पान दिसू लागले. पत्रिका वाटून झाल्या होत्या, करणार काय? मोठ्या कंपनीचाही भरवसा नाही. गुगलने आपली छोट्या लिंकची सेवा २०१८ मध्ये नव्या लोकांना बंद केली, २०१९ मध्ये सर्वांनाच नव्या लिंका बनवणे बंद केले, आणि जुन्या लिंका २५ ऑगस्ट २०२५ ला बंद होतील असे जाहीर केले. लोकांनी ओरड केल्यावर वापरात असलेल्या लिंका राहतील, २०२४ च्या अखेरीस कोणी न दाबलेल्या तेवढ्या जातील, असे ठरले. स्मरणिका तर आपण दहा-दहा वर्षे कपाटात ठेवतो. पहिल्या वर्षांच्या स्मरणिकांतल्या जाहिराती आजही वाचता येतात. लिंक न चालणारे पान त्यांच्या शेजारी शोभणार नाही.

म्हणून वर्गणीसाठी बँकेने समितीच्या खात्याला दिलेला यूपीआयचा क्यूआरच छापावा. त्यात खात्याचा यूपीआय पत्ताच असतो, मधे छोट्या लिंकचे स्टेशन नसते. खाली समितीचे नाव मराठीत ठळक छापावे, म्हणजे पैसे देणाऱ्याने पडद्यावर येणारे नाव ताडून पाहावे. मंडपातल्या फलकावर कोणी दुसरा क्यूआर चिकटवत नाही ना, हे स्वयंसेवकांनी रोज सकाळी पाहावे. कार्यक्रमपत्रिकेसाठी लिंक हवीच कशाला? ती छापा, आणि गटात तिचा फोटो टाका. फोटो दाबला तर कोणत्याही वहीत नोंद होत नाही.

घरी काय करावे, हेही थोडक्यात. छोटी लिंक आली तर ती कुठे नेते हे आधी पाहता येते. बिट.लीवर लिंकच्या शेवटी अधिकचे चिन्ह लावून उघडल्यास मुक्कामाचा पत्ता आधी दिसतो. हे जमत नसेल तर घरातल्या मुलांना विचारा, ती हसली तरी चालेल. एपीके नावाची फाईल उतरवायला सांगितले तर तिथेच थांबा. एप्रिल २०२३ मध्ये आयआरसीटीसीलाच इशारा द्यावा लागला होता, की त्यांच्या नावाची खोटी ॲपची फाईल फिरते आहे. आणि हयातीच्या दाखल्यासाठी आपली बँक किंवा पोस्ट ऑफिस गाठा. पोस्टमन घरीही येतो.

पैसे गेलेच तर १९३० हा नंबर, लगेच. 'आधी मुलाला पुण्याहून येऊ दे' असे म्हणू नका. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते, आणि ती जिथे थांबवता येते ती वेळ थोडी असते. काकांचे जे परत मिळाले ते त्या दुपारच्या फोनमुळे.

दोन्ही सूचनांवर येत्या रविवारी बैठक आहे. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी प्रसाद घेतल्यावर मला बाहेर चपलांच्या मांडणीजवळ गाठावे. मोबाईल आणि चष्मा, दोन्ही घेऊन यावे.